ओव्हरकोट काढल्यावरचा रिझाल

मनिलाच्या रिझाल पार्कात फिलिपिन्सचा राष्ट्रपुरुष आणि कादंबरीकार होसे रिझाल याचा पुतळा आहे. रिचर्ड किसलिंग या स्विस शिल्पकाराने तो घडवला आणि 1913 मध्ये त्याचं अनावरण झालं. स्पर्धेत पहिलं बक्षीस खरं तर कार्लो निकोली या इटालियन शिल्पकाराला मिळालं होतं, काम मात्र किसलिंगकडे गेलं. पुतळ्यातल्या रिझालच्या अंगात जाड ओव्हरकोट आहे. मनिलाची हवा म्हणजे मे महिन्यातली मुंबई बारा महिने. त्या हवेत हा गृहस्थ हिवाळी कोट घालून का उभा आहे?

फिलिपिनो इतिहासकार अँबेथ ओकाम्पोंच्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकाचं नावच 'रिझाल विदाउट द ओव्हरकोट' आहे. 1990 साली ते आलं आणि निबंधांसाठीचा नॅशनल बुक अवॉर्ड त्याला मिळाला. नावातच लेखकाची पद्धत कळते. राष्ट्रपुरुषाच्या अंगावर पुढच्या पिढ्यांनी चढवलेले कपडे एकेक करून उतरवायचे आणि आत माणूस कसा होता ते कागदपत्रांत शोधायचं. त्याचे दात, त्याची उंची, घरून येणारे पैसे कमी पडल्याच्या तक्रारी, युरोपातल्या मैत्रिणी. काही प्राध्यापक याला 'किरकोळ माहितीचा इतिहास' म्हणून नाक मुरडतात. मला ही टीका अर्धीच पटते. ती कुठे बरोबर आहे तेही पुढे लिहितो, कारण आंधळ्या भक्तिभावाने ही पुस्तकं वाचण्यात काही अर्थ नाही.

आधी थोडी ओळख. ओकाम्पोंचा जन्म 1961चा. 'लुकिंग बॅक' हे त्यांचं वर्तमानपत्री सदर 1980च्या दशकापासूनचं, पुढे ते 'फिलिपाइन डेली इन्क्वायरर'मध्ये स्थिरावलं. अतेनेओ विद्यापीठात ते शिकवतात, नॅशनल हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते आणि 2016 मध्ये त्यांना जपानचं फुकुओका पारितोषिक मिळालं. पुस्तकं बहुतेक अॅन्व्हिल प्रकाशनाची. 'अगिनाल्डोज ब्रेकफास्ट', 'बोनिफासिओज बोलो', 'मबिनीज घोस्ट', 'लुनाज मुस्टॅश' हे सदरांचे संग्रह 1990च्या दशकातले. नावं बघा: न्याहारी, कोयता, भूत, मिशा. 2010 नंतर 'लुकिंग बॅक' याच नावाने सडपातळ, क्रमांक घातलेल्या पुस्तकांची मालिका सुरू झाली.

नवा वाचक नेमका इथेच फसतो. क्रमांक दिसला की पहिल्यापासून वाचायला घेतो आणि तिसऱ्या लेखात हात टेकतो. क्रमांक प्रकाशनाचे आहेत, काळाचे नाहीत. शिवाय लेख फिलिपिनो वाचकासाठी लिहिलेले. शाळेत रिझालच्या दोन्ही कादंबऱ्या वाचल्या आहेत, हे त्या वाचकाबद्दल गृहीतच धरलेलं असतं. 1956च्या रिझाल कायद्याने तिथे त्या सक्तीच्याच केल्या आहेत. आपल्याकडे 'तानाजी' म्हटलं की सिंहगड वेगळा सांगावा लागत नाही, तसंच ते.

म्हणून एका कागदावर एवढ्या तारखा लिहून पुस्तकात ठेवा. 17 फेब्रुवारी 1872: गोमेझ, बुर्गोस आणि सामोरा या तीन धर्मगुरूंना गॅरोटने, म्हणजे गळा आवळणाऱ्या यंत्राने, मृत्युदंड. 1887: रिझालची पहिली कादंबरी 'नोली मे तांगेरे', बर्लिन. 1891: दुसरी, 'एल फिलिबुस्तेरिस्मो', गेंट. 7 जुलै 1892: कातिपुनान या गुप्त क्रांतिसंघटनेची स्थापना. 30 डिसेंबर 1896: रिझालला गोळ्या घातल्या. 10 मे 1897: कातिपुनानचा नेता आंद्रेस बोनिफासिओ मारला गेला, तोही स्पॅनिशांकडून नव्हे, क्रांतीचाच दुसरा नेता अगिनाल्डो याच्या क्रांतिकारक सरकारकडून. 12 जून 1898: स्पेनपासून स्वातंत्र्याची घोषणा. फेब्रुवारी 1899: अमेरिकेशी युद्ध. हा कागद हाताशी असला की नव्वद टक्के संदर्भ लागतात. आणखी एक खाचखळगा: लुना दोन आहेत, सख्खे भाऊ. हुआन चित्रकार, अंतोनिओ सेनापती. मिशा सेनापतीच्या.

'नोली' आधी वाचलीच पाहिजे का? निदान पहिली दहा प्रकरणं तरी वाचा. चार्ल्स डर्बीशायरचं 1912चं इंग्रजी भाषांतर 'द सोशल कॅन्सर' प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. भाषा जुनाट आहे, पण पाद्र्यांची मेजवानी, कोंबडीच्या रश्श्यात कुणाच्या वाट्याला मान आणि पंख आले यावरून धुमसणारा दामासो, हे सगळं त्यातही नीट कळतं. ते वाचून 'ओव्हरकोट' उघडलं की विनोद कुठे आहे ते समजतं.

आता ओकाम्पो काम कसं करतात ते एका उदाहरणात पाहू.

फिलिपिन्समध्ये ऑगस्ट हा भाषेचा महिना. शाळाशाळांत 'सा अकिंग म्गा काबाता' ही टागालोग या तिथल्या भाषेतली कविता म्हणवून घेतात. रिझालने ती आठव्या वर्षी, 1869 मध्ये लिहिली असं मुलांना सांगतात. तिचा सार असा की जो स्वतःच्या भाषेवर प्रेम करत नाही तो जनावराहून आणि वास मारणाऱ्या माशाहून वाईट. ओळ भिंतीवर रंगवायला फारच छान. ओकाम्पो मात्र कवितेच्या भावनेला हात लावत नाहीत, कागद मागतात. रिझालच्या हस्ताक्षरातली प्रत? नाही. पहिल्यांदा छापून कधी आली? 1906 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, हेर्मेनेहिल्डो क्रूझच्या पुस्तकात. मग लिपी. कवितेत क आणि व हे ध्वनी 'के' आणि 'डब्ल्यू' या अक्षरांनी लिहिलेत. 1869 मध्ये टागालोग स्पॅनिश वळणाने, 'सी' आणि 'यू' वापरून लिहीत. ती सुधारणा बरीच नंतरची आणि तिचा पुरस्कार करणाऱ्यांत खुद्द रिझाल होता, 1890च्या सुमारास. अर्थात छापणाऱ्याने लेखन बदललं असेल, अशी पळवाट इथे उरते.

ती पळवाट पुढचा पुरावा बंद करतो. कवितेत 'कलायान' म्हणजे स्वातंत्र्य हा शब्द आहे. ऑक्टोबर 1886 मध्ये रिझाल जर्मनीतून थोरला भाऊ पासिआनोला पत्र लिहितो. तेव्हा तो शिलरच्या 'विल्हेल्म टेल'चं टागालोग भाषांतर करत होता. त्यात तो म्हणतो की स्वातंत्र्याला टागालोग शब्द सापडत नव्हता, मार्सेलो देल पिलारने केलेलं आपल्याच एका लेखाचं भाषांतर वाचलं तेव्हा तो मिळाला. ते भाषांतर 1882चं. म्हणजे जो शब्द एकवीस वर्षांच्या तरुणाला नवा होता, तो आठ वर्षांच्या पोराने कवितेत आधीच वापरला होता, असं मानावं लागेल. हे लिहिल्यावर लोक खवळणारच. आपल्याकडे भाषादिनाला फिरणाऱ्या सुविचारांखालची नावं कुणी अशी तपासायला घेतली तर काय होईल, याची कल्पना करा.

हे मला गुप्तहेरकथेपेक्षा रंजक वाटतं, आणि यात 'किरकोळ' काय आहे? एक अक्षर, एक शब्द, एक छापील साल. पण तीनही एकाच दिशेला बोट दाखवतात. पद्धत म्हणूनही ती कुणालाही वापरता येईल: मूळ प्रत कुठे आहे, पहिली छपाई कधीची, त्या काळचं लेखन तसं होतं का, आणि शब्द त्या माणसाच्या तोंडी तेव्हा होता का. याच क्रमाने विचारायचं.

माशाचा वास आला आहे तर मोर्गाकडेही जाऊ. अंतोनिओ दे मोर्गा हा मनिलातला स्पॅनिश अधिकारी, त्याचा ग्रंथ 1609 मध्ये मेक्सिकोत छापला गेला. रिझालने लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये बसून तो हाताने उतरवून घेतला आणि स्वतःच्या टिपांसह पॅरिसहून छापला. मुखपृष्ठावर साल 1890. मोर्गा एके ठिकाणी म्हणतो की इथल्या लोकांना मासे नासायला लागल्यावरच आवडतात. रिझाल तळटिपेत त्याच्यावर तुटून पडतो: हा बागोओंग आहे, आणि ज्याने तो खाल्लाय त्याला माहीत असतं की तो नासलेला नसतो, नसावाही. कोकणातल्या माणसाला हा राग समजावून सांगावा लागणार नाही. (बागोओंग सुकटीसारखा वाळवत नाहीत. साधारण तीन भाग बारीक मासळी किंवा कोळंबीला वजनाने एक भाग मीठ लावून मडक्यात महिनोन्महिने आंबवतात. मीठ कमी पडलं तर मात्र मोर्गा खरा ठरतो.)

या तळटिपांवर ओकाम्पोंनी 1998 मध्ये 'फिलिपाइन स्टडीज' या नियतकालिकात लांब निबंध लिहिला. माझ्या मते त्यांचं सगळ्यात चांगलं लेखन हे. कारण इथे ते रिझालची बाजू नुसती उचलून धरत नाहीत. इतिहासकार म्हणून रिझाल कुठे घसरला तेही दाखवतात: एकोणिसाव्या शतकातला पाद्र्यांवरचा राग त्याने आधीच्या शतकांतल्या मजकुरावर ओतला. ही तक्रार त्याच्या जिवलग मित्राने, फर्डिनांड ब्लुमेंट्रिटने, त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत केली होती. आपल्या पुस्तकाच्या दारातच आपल्यावरची टीका छापू देणारा माणूस! पुतळ्यातल्या रिझालपेक्षा हा मला जास्त जवळचा वाटतो.

संस्थेच्या खुर्चीत बसूनही ओकाम्पोंनी हेच काम केलं. 'कलांतिआवची संहिता' म्हणजे 1433 मधली म्हणून सांगितली जाणारी अठरा कलमं, शिक्षा एकाहून एक भयंकर. स्पॅनिश येण्यापूर्वी आमच्याकडे लिखित कायदा होता, म्हणून पाठ्यपुस्तकांत तिचं कौतुक. प्रत्यक्षात होसे मार्को नावाच्या माणसाने 1914 मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाला दिलेल्या बनावट हस्तलिखितांतून ती आली. विल्यम हेन्री स्कॉट यांनी 1968च्या प्रबंधात ते उघडं पाडलं. एक नमुना पुरे: 1838-39चं म्हणवणारं हस्तलिखित स्पेनच्या राजाला अर्पण केलेलं, आणि तेव्हा स्पेनच्या गादीवर होती राणी, दुसरी इसाबेल. तरीही संहिता शाळांत टिकून राहिली. ओकाम्पो अध्यक्ष असताना, 2004 मध्ये, इन्स्टिट्यूटने ठरावाने तिला ऐतिहासिक आधार नाही असं जाहीर केलं. प्रबंध ते ठराव, छत्तीस वर्षं. खोटं घालवायला एवढा वेळ लागतो.

आता तक्रारी. पहिली: पुनरावृत्ती. सदरात दर काही वर्षांनी तेच विषय फिरून येतात आणि संग्रहांत ते तसेच राहतात. रिझालच्या प्रेयसी चार ठिकाणी भेटतात. दुसरी आणि मोठी: सदर असल्याने तळटिपा नसतात. 'अमुक पत्रात म्हटलंय' एवढ्यावर भागवलेलं असतं, त्यामुळे कुणाला पुढे काही लिहायचं असेल तर हा आधार पुरत नाही. उपाय एकच. लेखातून व्यक्ती आणि तारीख उचला आणि मूळ साधनाकडे जा. मोर्गा गुटेनबर्गवर इंग्रजीत आहे, ब्लेअर आणि रॉबर्टसनने जमवलेल्या जुन्या कागदपत्रांच्या 55 खंडांतलं बरंच साहित्यही ऑनलाइन मिळतं. तिसरी तक्रार अशी की सामान्य शेतकरी, जमीन आणि तिचा खंड या लेखांत फार कमी दिसतात. त्यासाठी तेओदोरो अगोन्सिल्यो आणि रेनातो कॉन्स्टंटिनो हे इतिहासकार वाचावेच लागतात. टीकाकार बरोबर असतात ते इथे.

पण ज्यांनी फक्त सदरं वाचून मत बनवलं त्यांनी 2001ची दोन व्याख्यानांची पुस्तकं वाचलेली नसतात. 'बोन्स ऑफ कन्टेन्शन' बोनिफासिओवर आहे. चित्रांत तो नेहमी उघड्या गळ्याचा सदरा आणि हातात बोलो, म्हणजे कोयता, घेऊन ओरडताना दिसतो. त्याचा उपलब्ध असलेला एकमेव फोटो मात्र कोट-टायमधला. 1918 मध्ये मारागोन्दोनला त्याची म्हणून हाडं खणून काढली, ती मनिलात जपली, आणि 1945च्या लढाईत ती नाहीशी झाली. ती त्याचीच होती का, यावरचा वाद हा पुस्तकाचा गाभा. 'मीनिंग अँड हिस्टरी'त ते टागालोग शब्दाकडे लक्ष वेधतात: इतिहास म्हणजे 'कसायसायान', आणि त्यात 'सायसाय' म्हणजे अर्थही दडलेला. आपला 'इति-ह-आस' म्हणतो, 'असंच घडलं'. त्यांचा शब्द 'मग त्याचं काय?' असं विचारतो.

वाचायचा माझा क्रम असा: 'ओव्हरकोट', मग 'मीनिंग अँड हिस्टरी', मग 'बोन्स'. मालिकेतली सडपातळ पुस्तकं कुठूनही उघडा, प्रवासात बरी पडतात. अगिनाल्डोच्या सरकारने 29 सप्टेंबर 1898 रोजी मालोलोसला दिलेल्या मेजवानीचा फ्रेंच मेनू मात्र नक्की शोधा. कालवं, खेकडे, मनिला पद्धतीची ट्रफल भरलेली टर्की, शँपेन. सरकार अजून कुणी मान्य केलेलं नाही आणि टेबल मांडलंय पॅरिसचं.

'मकामिसा' शेवटी ठेवा. हे 1992चं पुस्तक रिझालच्या अपुऱ्या तिसऱ्या कादंबरीच्या शोधाची हकीकत आहे. राष्ट्रीय ग्रंथालयात 'नोलीचा कच्चा खर्डा' असं लेबल लावलेल्या 245 पानांत ती दडलेली ओकाम्पोंना 1987 मध्ये सापडली. नावाचा अर्थ 'मिस्सा संपल्यावर'. युरोपातल्या वाचकासाठी नव्हे, आपल्या लोकांसाठी लिहायचं म्हणून रिझालने ती टागालोगमध्ये सुरू केली. थोडी पानं झाली, खाडाखोड वाढत गेली, आणि तो पुन्हा स्पॅनिशकडे वळला. तेव्हा त्याचं वय तीस होतं. आठव्या वर्षी बिनचूक टागालोग कविता लिहिली असं ज्याच्याबद्दल शाळेत शिकवतात, तोच हा माणूस.