आयएसओ नुसती कॉपी केली की पेनड्राइव्ह बूट होतो? नाही

बूटेबल पेनड्राइव्ह म्हणजे ज्यावरून कॉम्प्युटर सुरू करून विंडोज किंवा लिनक्स बसवता येतं असा पेनड्राइव्ह. त्याबद्दल एक मेसेज बराच फिरतोय: ‘बूटेबल पेनड्राइव्हसाठी सॉफ्टवेअर लागत नाही. फॅट३२मध्ये फॉरमॅट करा, आयएसओ फाइल कॉपी करा, झालं. तरी बूट झाला नाही तर पेनड्राइव्ह खराब समजा.’

‘आयएसओ कॉपी करा.’ आयएसओ म्हणजे अख्खी डिस्क एका फाइलमध्ये बांधलेली. ती तशीच टाकली, तर तिच्या पोटात बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) आहे हे फर्मवेअरला, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताच धावणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरला, कळत नाही. यूईएफआय, म्हणजे नव्या मशीनवरचं फर्मवेअर, ‘ईएफआय’ फोल्डरातल्या ‘बूट’ फोल्डरात ‘बूटएक्स६४.ईएफआय’ शोधतं, नाही मिळाली की पुढे जातं. व्हेंटॉय असेल तर नुसती आयएसओ चालते, पण व्हेंटॉय आधी पेनड्राइव्हवर बसवावं लागतं. म्हणजे सॉफ्टवेअर आलंच.

‘सॉफ्टवेअर लागत नाही’ यात थोडं तथ्य आहे. आयएसओ उघडून आतल्या फाइली फॅट३२ पेनड्राइव्हवर मोकळ्या टाकल्या, तर यूईएफआय मशीनवर बऱ्याचदा काम होतं. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा ‘उघडून’ हा शब्दच गाळला. जुन्या मशीनवरच्या बायोस या फर्मवेअरला मात्र पेनड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरमध्ये (अगदी सुरुवातीच्या तुकड्यात) बूट कोड लागतो, तो कॉपी-पेस्टने तिथे जात नाही.

खरी गोची फॅट३२ची, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायच्या त्या जुन्या पद्धतीची. त्यात एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा आणि रिकामा असला तरी. विंडोज ११ची आयएसओ याहून मोठी असते, त्यामुळे मेसेजमधली कृती दुसऱ्याच पायरीवर अडते! फाइली मोकळ्या केल्या तरी आतली ‘इन्स्टॉल.विम’ ही विंडोजची मुख्य फाइल अनेकदा ४ जीबी ओलांडते. मग विंडोजमधल्या डिस्म या कमांडने तिचे तुकडे करा, किंवा रूफस हे बूटेबल पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर वापरा. रूफस मोठ्या फाइलीसाठी एनटीएफएस (४ जीबीची अट नसलेली पद्धत) विभाजन करतं आणि यूईएफआयला ते वाचता यावं म्हणून शेजारी छोट्या विभाजनात ड्रायव्हर ठेवतं.

लिनक्सच्या बहुतेक आयएसओ हायब्रिड असतात, म्हणजे डिस्कसारख्याच पेनड्राइव्हवरूनही बूट होतील अशा बांधलेल्या; त्या डीडी या जशीच्या तशी नक्कल उतरवणाऱ्या कमांडने थेट पेनड्राइव्हवर लिहिता येतात. विंडोजची आयएसओ तशी नसते, त्यामुळे तिथे हा उपाय फसतो.

‘पेनड्राइव्ह खराब.’ आधी आयएसओचा एसएचए२५६ (फाइल नीट उतरली का हे सांगणारा कोड) जुळवा, सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर अडवणारी यूईएफआयची सेटिंग) तपासा. डीडीनंतर विंडोजला पेनड्राइव्ह काही एमबीचाच दिसला, किंवा ते फॉरमॅट करायला सांगू लागलं, तरी घाबरू नका. विभाजन तक्ता (पेनड्राइव्हचे भाग कसे पाडलेत याची नोंद) बदललेला असतो, इतकंच. विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडमध्ये ‘क्लीन’ करून (यात डिस्कवरचं सगळं पुसतं) नव्याने फॉरमॅट केला की पूर्ण जागा परत मिळते. फक्त डिस्कचा क्रमांक दोनदा बघा, ‘क्लीन’ ‘नक्की का?’ असं विचारत नाही.