‘पडद्यांना मॅचिंग’ चित्रांबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत, खोल्यांत चित्रं लावलेल्या एका हॉटेलात राहून आल्यावर मी जे लिहिलं, त्याखाली परवा एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका रात्रीला सहा हजार मोजणं हा माज आहे. हॉटेलातली चित्रं म्हणजे पडद्यांना मॅचिंग सजावट, कला बघायची तर म्युझियममध्ये जावं. बेळगावहून पणजी सकाळी जाऊन रात्री परतण्याइतकी जवळ आहे. तिथं गाडी लावायला जागा नाही. आणि शेवटी, ‘नवऱ्याच्या पैशावर असलं लिहिणं सोपं असतं.’

साहेब, मतभेद असू देत. पण हे शेवटचं वाक्य तुम्ही माझ्या घरी, समोर चहाचा कप असताना बोलला असता का? ज्या बाईला तुम्ही कधी भेटला नाही, तिच्या संसाराचा हिशेब चारचौघांत मांडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आहे. हॉटेलचं बिल माझ्या पेन्शनमधून गेलं. हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

आता ‘पडद्यांना मॅचिंग’. माझे वडील बोर्ड रंगवायचे. बेळगावात खडेबाजार, गणपत गल्ली, शहापूर इथल्या दुकानांवर त्यांच्या हातची अक्षरं होती, मराठी आणि कन्नड दोन्ही. बोर्ड वर चढला की ते एकदा सकाळच्या उन्हात आणि एकदा दिवेलागणीला दुकानासमोर जाऊन उभे राहायचे. ट्यूबलाइटखाली पिवळा मरतोय का, लाल काळा पडतोय का, ते बघायला. पटलं नाही तर पदरचा रंग घालून पुन्हा हात मारायचे. रंग दिवसभरात बदलतो हे मी कुठल्याही पुस्तकाआधी त्या फुटपाथवर शिकले. फ्लेक्स आला आणि ते काम संपलं. तेव्हा भिंतीवरच्या रंगाला ‘सजावट’ म्हणून हिणवायचं असेल तर माझ्यासमोर जरा जपून.

माझ्या खोलीत आंजेलो द फोन्सेका यांच्या चित्राची छापील प्रत होती, आणि ती प्रत आहे असं खाली स्पष्ट लिहिलं होतं. फोन्सेका (1902–1967) हे चित्रकार गोव्यातल्या सांत इस्तेव्ह गावचे, शांतिनिकेतनात शिकलेले. त्यांनी चित्रात येशूच्या आईला, मेरीला साडी नेसवली, आपल्याकडच्या बाईसारखी बसवली. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात ते रुचलं नाही, आणि त्यांचं बरंच आयुष्य पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात गेलं. रात्री दिव्याखाली मला त्या चित्रात फक्त चेहरा दिसला. पहाटे शिंपल्यांच्या तावदानांतून उजेड आला तेव्हा साडीचा काठ आणि हाताची बोटं वर आली. दुपारी तीच बाई थकलेली वाटली. चित्राच्या सोबतीनं झोपून उठल्याशिवाय हे कसं कळणार? ज्यांच्या घरी मोठी चित्रं टांगलेली असतात त्यांना हे रोज मिळतं. मास्तरणीला एका रात्रीपुरतं मिळालं, तर तो माज?

म्युझियमचा सल्लाही मी आधीच पाळला होता, मूळ लेखात तो परिच्छेद आहे. त्याच फोंतेन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या वास्तूत आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून तिथंच शिकवणारा हा गोव्याचा चित्रकार (1870–1935), माणसांचे चेहरे काय रंगवले आहेत! तिथं मी मन लावून पाहिलं. पण बंद व्हायची वेळ झाली की तिथून निघावंच लागतं. आणि कला म्युझियममध्येच असते हे तुमचं गृहीतक पणजीत पहिल्याच वळणावर मोडतं. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातच निळ्या टाइल्सवर पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेले आहेत. कामाला आलेली माणसं त्यांच्यासमोरून रोज ये-जा करतात. तीही सजावटच म्हणायची का?

गाडीचं तुमचं खरं आहे. त्या गल्ल्यांत चारचाकी लावणं कठीण, आम्हीही बरीच लांब लावली आणि बॅगा उचलून चालत गेलो. गुडघे दुखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पणजी जवळ आहे, होय की. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत माणूस जाऊन येतो. तुम्ही जाऊन या, मी कुणाला अडवलेलं नाही. सहा हजार कुणाला जास्त वाटावेत आणि कुणाला नाही, यावर मी वाद घालणार नाही.

बिलाचा फोटो टाकणार नाही. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, शेवटच्या वाक्यासकट ठेवली आहे. पुढच्या वेळी चित्रांबद्दल लिहिलंत तर सविस्तर उत्तर देईन. माझ्या घराबद्दल लिहिलंत तर छापणार नाही.