कोआला मठ्ठ, डॉल्फिन हुशार? फॉरवर्ड करण्याआधी जरा थांबा

सोसायटीच्या ग्रुपवरून शाळेच्या ग्रुपवर आणि तिथून पुन्हा सोसायटीत, असा एक फॉरवर्ड सध्या मुंबईभर फिरतोय. एका बाजूला हसरा डॉल्फिन, दुसऱ्या बाजूला झाडाला बिलगून झोपलेला कोआला. खाली मजकूर: "डॉल्फिनचा मेंदू दीड किलोचा, कोआलाचा वीस ग्रॅमचा, तोही गुळगुळीत. पानं ताटात वाढली तर त्याला ओळखताही येत नाहीत. वीस तास निलगिरीच्या नशेत लोळतो, पिल्लाला विष्ठा भरवतो. असा प्राणी नामशेष होणारच. मुलांनो, डॉल्फिन बना!"

मेंदूचे आकडे साधारण बरोबर आहेत. पण हुशारी तराजूत तोलायची तर हत्तीचा मेंदू पाच किलोच्या आसपास भरतो आणि स्पर्म व्हेलचा आठच्या. मग पहिला नंबर डॉल्फिनला का? गुळगुळीतपणाचं म्हणाल, तर उंदराचाही मेंदू गुळगुळीतच असतो. उंदीर मठ्ठ असतो, हे पालिकेच्या मूषक संहारकांना सांगून बघा.

ताटातल्या पानांचा मुद्दा लोकांना फार आवडलेला दिसतो. निलगिरीच्या सातशेहून अधिक जाती आहेत, त्यातल्या मोजक्याच कोआलाला चालतात. एकाच जातीच्या दोन झाडांची पानंही सारखी नसतात. कुठे विषारी द्रव्यं जास्त, कुठे पाणी कमी. म्हणून तो आधी पान हुंगतो, मगच चावतो. 2018 मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, प्रसिद्ध झाला, तेव्हा कडू चव ओळखणारी आणि विष मोडून काढणारी जनुकं त्याच्याकडे भरपूर असल्याचं दिसलं. अशा प्राण्याने खुडलेलं, सुकत चाललेलं पान बाजूला सारलं, तर त्यात मठ्ठपणा कसला? प्राणिसंग्रहालयांत ताज्या फांद्या पाण्याच्या नळकांड्यांत उभ्या करून ठेवतात, तिथे तो व्यवस्थित जेवतो. उलट डॉल्फिनला वास जवळजवळ येतच नाही, आणि गोड-कडू चव सांगणारी त्याची जनुकं केव्हाच निकामी झाली आहेत. मासा अख्खा गिळणाऱ्याला चवीचं काय सोयरसुतक! हीच परीक्षा डॉल्फिनची घ्यावी, असं मात्र कुणाला सुचत नाही.

नशा वगैरे काही नसते. निलगिरीच्या पानात ऊर्जा कमी आणि चोथा जास्त. तो आंबवून पचवायला कोआलाच्या पोटात दोनेक मीटर लांबीची आंधळी, म्हणजे एका टोकाला बंद, पिशवी आहे. मिळकत तुटपुंजी असली की खर्च आवरावा लागतो, म्हणून झोप.

'विष्ठा' म्हणतात ती नेहमीची लेंडी नव्हे. दूध सुटून पानं सुरू होण्याच्या सुमारास आई याच पिशवीतला मऊ लगदा पिल्लाला देते. पानं पचवणारे जिवाणू त्यातून पिल्लाच्या पोटात जातात. ते नसतील तर पिल्लू पानं खाऊनही उपाशीच राहील.

डॉल्फिन खरोखर हुशार आहे, त्याबद्दल वाद नाही. त्याचं 'हसू' मात्र जबड्याची ठेवण आहे, स्वभाव नव्हे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बॉटलनोज जातीचे डॉल्फिन पॉरपॉइजना, म्हणजे आपल्याच छोट्या भाईबंदांना, धडका देऊन ठार मारतात, हे 1996 मध्येच अभ्यासकांनी मांडलं. मुलांनो, डॉल्फिन बना म्हणताना हेही सांगणार का?

आता 'नामशेष होणारच'. कोआलाचं घराणं ऑस्ट्रेलियात दोन कोटींहून अधिक वर्षं टिकून आहे. 1927 मध्ये क्वीन्सलंड सरकारने शिकार खुली केली आणि लाखो कोआला कातड्यासाठी मारले गेले. पुढे जंगलतोड, रस्ते, क्लॅमिडियाचा आजार आणि 2019-20 चे वणवे आले. क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्समधल्या कोआलांना 2022 मध्ये संकटग्रस्त ठरवलं, ते यामुळे. पानं ताटात ओळखता आली असती तरी यातलं काय टळलं असतं?

आणि हुशारीने जीव वाचतो म्हणावं, तर आपल्याच किनाऱ्यालगतचा हंपबॅक डॉल्फिन बघा. लॉकडाऊनमध्ये ज्याचे व्हिडिओ सगळ्यांनी कौतुकाने पाठवले, तोही आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्तच आहे. त्याला उथळ, किनाऱ्याजवळचं पाणी लागतं. तिथेच गिलनेट ही मासेमारीची जाळी, बोटी, भराव आणि शहराचं सांडपाणी. जाळ्यात अडकून श्वासाला वर येता आलं नाही की तोही गुदमरतो, मेंदू दीड किलोचा असला तरी.