दोनशे कोटींची कुपी

दाढेच्या मुळाशी झालेल्या संसर्गावर दंतवैद्यांनी दिलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांनी दाढेला आराम दिला आणि त्याची वसुली पोटाकडून केली, असे माझे मत आहे. पत्नीचे मत निराळे आहे. त्याच आठवड्यात मी कचेरीसमोरच्या गाडीवर पाणीपुरी खाल्ल्याचे तिला कोणीतरी कळवले असून, जुलाबांचे संपूर्ण श्रेय ती त्या गाडीला देते. आपल्या आजाराचे कारण निदान सभ्य असावे, अशी माणसाची इच्छा असते. औषधाने झालेले जुलाब चारचौघांत सांगता येतात, पाणीपुरीचे येत नाहीत, म्हणून मी माझ्या निदानाला चिकटून राहिलो.

ताप नाही, रक्त पडत नाही, याची खात्री करून घेऊन डॉक्टरांनी जलसंजीवनीची पाकिटे आणि प्रोबायोटिकच्या कुप्या लिहून दिल्या. अँटिबायोटिकला शत्रू आणि मित्र ओळखता येत नाहीत, त्यामुळे आतड्यातले उपयोगी जिवाणूही मारले जातात, हे त्यांनी समजावून सांगितले. कुपी करंगळीएवढी, प्लॅस्टिकची. ती हलवायची, मान मुरगळायची आणि आतले पाच मिलिलिटर पिऊन टाकायचे. त्यात बॅसिलस क्लॉसाय या जिवाणूचे दोनशे कोटी बीजाणू, म्हणजे कवचात झोपी गेलेले जिवाणू, असतात, जठरातल्या आम्लाला ते दाद देत नाहीत, असे असूनही त्या द्रवाला ना रंग, ना चव. औषध घेताना काहीतरी सोसल्याचे जे समाधान मिळायला हवे, ते या कुपीतून अजिबात मिळत नाही.

"हे तर पाणी आहे," आत्या म्हणाली. आत्याकडे तिच्या सासूबाईंपासून चालत आलेले विरजण आहे आणि गावाला जाताना दागिने घरात ठेवून ती विरजणाचे भांडे तेवढे शेजारी सांभाळायला देते. मी तिला सांगितले की, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ साली केलेल्या व्याख्येनुसार, पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभ देणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांनाच प्रोबायोटिक म्हणतात. तेव्हा जिवाणूचे वाण कोणते आणि संख्या किती, हे ठाऊक असावे लागते. तुझ्या दह्यातले जिवाणू कोणते? "सासूबाईंचे," आत्याने उत्तर दिले.

तिची बाजू अगदीच लंगडी नव्हती. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी १९०८ चे नोबेल मिळवणारे मेच्निकॉफ बल्गेरियातल्या शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध आंबवलेल्या दुधाशी जोडत आणि स्वतःही ते नेमाने पीत. ते एकाहत्तराव्या वर्षी वारले हे ऐकल्यावर मात्र आत्या विचारात पडली. "सोबत मऊ भात खात नसतील," असा निष्कर्ष तिने काढला.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. त्याच्या मते कुप्या जुन्या झाल्या, आता सॅकरोमायसिस बोलार्डी घ्यावे. ते यीस्ट असल्याने जिवाणूंवरच्या गोळ्यांनी मरत नाही. आंरी बोलार या फ्रेंच शास्त्रज्ञाला हे यीस्ट १९२० च्या दशकात इंडोचायनात सापडले, तेही तिथले लोक जुलाबांवर लिची आणि मँगोस्टीनच्या साली उकळून पितात हे पाहून, अशी माहिती त्याने पुरवली. सालींचा उल्लेख कानी पडताच आत्या डाळिंबाची साल उगाळायला उठली.

न्हाणीघराच्या वाऱ्यांमधल्या निवांत काळात मी वाचन केले आणि पंचाईत झाली. वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात अँटिबायोटिक घेणाऱ्या मुलांपैकी प्रोबायोटिक मिळालेल्यांत जुलाबांचे प्रमाण ८ टक्के, तर न मिळालेल्यांत १९ टक्के आढळले होते. त्यांच्याच २०२० च्या आढाव्यानुसार संसर्गाने झालेल्या तीव्र जुलाबांत मात्र प्रोबायोटिकने बहुधा फारसा फरक पडत नाही. म्हणजे मी दंतवैद्यांचा रुग्ण असलो तर या कुप्यांकडून थोडीफार आशा धरायला जागा होती (मी मूल नाही आणि गोळ्यांसोबतच कुप्या सुरू केल्या नव्हत्या, हे सोडून देऊ), आणि पाणीपुरीवाल्याचा असलो तर मी महागडे पाणी पीत होतो. हा मजकूर मी पत्नीला दाखवला नाही. तो तिने स्वतःच शोधून काढला.

या धामधुमीत जलसंजीवनीची बाजू घ्यायला कोणी नव्हते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच पाण्याने असंख्य जीव वाचवले. ग्लुकोज सोबत असले की आतडे सोडियम आणि त्याच्यामागून पाणी शोषून घेते, इतका त्यातला साधा हिशेब. परंतु त्यात ना सासूबाई, ना फ्रेंच शास्त्रज्ञ. मी ते लिटरभर पाणी दिवसभर मुकाट्याने पीत होतो आणि घरात कोणी त्याची चौकशीही केली नाही.

असे जुलाब बहुधा थोड्या दिवसांत आपोआप ओसरतात, तसे माझेही ओसरले. पत्नीच्या मते पाणीपुरी बंद केल्याने, मेहुण्याच्या मते त्याने फोन केल्याने. आत्याने मात्र निकाल प्रयोगाने लावायचे ठरवले. उरलेली एक कुपी तिने रात्री कोमट दुधात ओतली आणि वाटी झाकून ठेवली. दह्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात, बॅसिलस क्लॉसायचा तो धंदाच नव्हे, हे मी तिला परोपरीने सांगितले. सकाळी दूध दूधच होते. आत्याने वाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "साधं वाटीभर दूध लागत नाही याच्याने, आणि तुझं पोट लावायला निघाला होता!"