‘सुटला’ नव्हे, निर्दोष

आज दुपारी मामीचा फोन आला. माझ्या मामेबहिणीचं जमत आलेलं स्थळ फिसकटलं. मुलगी पसंत, पत्रिका जुळलेली, याद्या करायचा दिवसही धरला होता. तेवढ्यात कुणीतरी कान फुंकले, "मुलीचा बाप पतसंस्थेच्या केसमधनं सुटलाय की!" झालं, नकार आला.

सुटलाय म्हणे! दाव्याला बांधलेलं जनावर सुटतं. माझे मामा सुटले नाहीत, ते निर्दोष आहेत. कोर्टाने तसं लिहून दिलंय.

मामा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या एका पतसंस्थेत क्लार्क होते. हिशेबात रक्कम कमी निघाली. वर सह्या करणारे वरच राहिले आणि केस पडली काउंटरवरच्या माणसावर. आधी निलंबन, मग तारखांवर तारखा. गल्लीच्या गणपतीचा हिशेब कायम मामांकडे असायचा, पै-पैचा, लाल कापडाच्या वहीत. केस पडली त्या वर्षी मंडळाची पोरं येऊन वही घेऊन गेली. ठीक आहे, तेव्हा लोकांना शंका आली असेल. पण निकाल लागल्यावर? वही परत आली का? कुणी विषयसुद्धा काढला नाही.

निकाल इंग्रजीत आहे. मामांचं सगळं शिक्षण मराठीत. त्यांनी शेवटचं पान लॅमिनेट करून घेतलंय, ‘अ‍ॅक्विटेड’ म्हणजे निर्दोष, या शब्दाखाली निळ्या पेनाची रेघ आहे. पाहुणा आला की चहाच्या आधी ते पान पुढे येतं. त्या स्थळाकडच्यांनाही दाखवलं होतं. त्यांनी हातात घेतलं, मान डोलावली आणि घरी जाऊन ‘सुटलाय’ म्हणाले.

"अहो, पण संशयाचा फायदा मिळाला ना?" हे वाक्य तर मला पाठ झालंय. आरोप सिद्ध करायचं काम सरकार पक्षाचं, तोवर माणूस निर्दोषच. कोर्ट त्याला नव्याने निर्दोष करत नाही, तो होताच. मामांच्या वकिलांनी सांगितलं होतं की ‘सन्मानपूर्वक निर्दोष’ असले शब्द तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हतेच, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तसं म्हटलंय. तरी नोकरीवर परत घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न तोच, सन्मानाने की संशयाच्या फायद्याने? आता सोयरीक जुळवतानाही तेच विचारणार काय?

साक्षीदार फोडून, पैसे चारून सुटणारेही असतात. असतात, मान्य. म्हणून माझ्या मामांना त्यांच्या रांगेत बसवायचं?

आणि हे आपण कर्नाटकातल्या सीमाभागातल्या मराठी लोकांनी करावं, याचं जास्त वाईट वाटतं. आपल्याला खोट्या केसेस काय असतात ते कुणी शिकवायला नको. १ नोव्हेंबरला, आपल्याला कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत गेलं म्हणून पोरांवर गुन्हे पडतात. २०१४ मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातल्या ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेल्या फलकावरून गावच्या लोकांवर खटले पडले, तेव्हा आपल्यातलं कुणी निकालासाठी थांबलं होतं का? पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, आपली माणसं निर्दोष आहेत. असा पोरगा कोर्टातून बाहेर आला की आपण हार घालतो, आणि घातलाच पाहिजे. मग काउंटरवर आयुष्य काढलेल्या माणसाला त्यातला थोडा विश्वास देता येत नाही?

मामी फोनवर रडत नव्हती. "पोरीला अजून सांगितलं नाही, तिची परीक्षा चालू आहे," एवढंच म्हणाली. मामा आतल्या खोलीत झोपलेत म्हणे, भर दुपारी. ते कधी दुपारी झोपत नाहीत.

त्या घरातले दोघंजण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. त्यांनी हे वाचावं म्हणूनच लिहिलंय. स्थळ मोडलंत, तुमची मर्जी. पण कारण सांगताना पुन्हा ‘सुटलाय’ म्हणाल, तर मी घरी येऊन विचारणार आहे.