मला एक वर्षासाठी तात्पुरता करा

कँटीनच्या रांगेत हातात ताट घेऊन उभी असताना मागून खणखणीत आवाज आला, "मॅडम, नवा कायदा आलाय. तुम्हाला माहीत नाही?" सगळी रांग वळून माझ्याकडे बघायला लागली. एचआरलाच माहीत नाही म्हटल्यावर कोण नाही बघणार?

माहीत आहे हो! 29 जुने कामगार कायदे गुंडाळून 4 संहिता केल्या. वेतनाची 2019 ची, बाकी तिन्ही 2020 च्या. त्यानंतर वर्षानुवर्षं "येत्या एप्रिलपासून नक्की" हे ऐकत आम्ही सेमिनारांमधला चहा ढोसला. शेवटी लागू झाल्या 21 नोव्हेंबर 2025 ला. शुक्रवारी! आमचा शनिवार-रविवार कुणाच्या तरी डोळ्यांवर येतो, असा माझा पक्का संशय आहे.

पण हे सांगणार कधी? स्टोअर्सच्या काकांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला होता. व्हॉट्सअ‍ॅप. शेवटी 'सर्व कामगार बंधूंपर्यंत पोचवा.'

"एका वर्षात ग्रॅच्युइटी! नोकरी सोडताना एकरकमी पैसे!"

"काका, ती ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना. तुम्ही कायम आहात. तुम्हाला पाच वर्षंच."

"म्हणजे कायम होऊन मी फसलो?"

"तसं नाही..."

"मग मला एक वर्षासाठी तात्पुरता करा. ग्रॅच्युइटी घेतो, मग परत कायम करा."

"असं नाही करता येत."

"कुठे लिहिलंय? कलम सांगा."

कलम! गोडाऊनमधल्या बोल्टांचा हिशेब ज्यांना आजवर लागलेला नाही, ते मला कलम विचारत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी "मॅडम, मलापण तात्पुरता करा" म्हणून नाव नोंदवलं. भाजी वाढणाऱ्या पोराने डाव हवेतच धरून विचारलं, "आम्ही कंत्राटदाराकडचे. आम्हाला काय?" अख्ख्या रांगेतला हा एकमेव शहाणा प्रश्न, आणि नेमकं त्याचंच उत्तर एका वाक्यात बसत नव्हतं. त्याने भाजी वाढली. कमी वाढली.

काका अजून होतेच. "आणि पगार कमी होणार ना?"

मी ताट खाली ठेवलं. भत्ते वगैरे एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, म्हणून पीएफ जास्त कापला जाईल अशी भीती, पण पीएफ 15,000 च्या मर्यादेवर कापला जात असेल तर तेवढ्याने हातात येणारा पगार बदलत नाही, असं सगळं समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेसेजमध्ये तसं नाहीये."

संपलं! कामगार हा विषय समवर्ती सूचीतला, म्हणून केंद्राचे नियम वेगळे आणि राज्याचे वेगळे. दोन्हींचे मसुदे मी रात्री जागून वाचायचे, आणि निकाल देणार तो मेसेज.

वरच्या मजल्यावर तरी काय वेगळं? माणूस सोडून गेला की दोन कामाच्या दिवसांत त्याच्या वेतनाचा हिशेब चुकता करा, असं संहिता म्हणते. आमच्याकडे नो ड्यूजच्या फॉर्मवर सही करणारा माणूसच दोन दिवस जागेवर सापडत नाही. साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, "आपल्याला लागू होणार नाही असं काहीतरी बघ." म्हणजे संसदेने केलेला कायदा मी बघून घ्यायचा! वर इन्क्रिमेंटच्या वेळी माझ्या फॉर्मवर यांचाच शेरा: 'कामाचे मोजमाप करता येत नाही.'