मॅश टन म्हणजे नुसतं भांडं नव्हे

नमस्कार. जुन्या मॅश टनांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परखड आहे आणि अभ्यासाने लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्कॉच व्हिस्कीची चव तांब्याच्या भट्टीत आणि लाकडी पिंपात ठरते, मॅश टन म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा भरडा गरम पाण्यात भिजवायचं भांडं, आणि ओतीव लोखंडाच्या जुन्या टनाचं कौतुक हा भाबडेपणा.

आधी माझी चूक. 'जुन्या टनामुळे व्हिस्की चांगली होते' असं मी लिहायला नको होतं. चांगली नाही, वेगळी होते. नवी यंत्रं वेळ वाचवतात, उतारा वाढवतात, हेही तुमचं बरोबर. जेम्स स्टीलने १८५३ साली भरडा आणि पाणी कालवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं; पूर्वी माणसं लाकडी वल्ह्यांनी ढवळायची. पिठलं हाटताना गुठळी राहिली की आतलं पीठ कोरडंच राहतं, तसंच हे. त्या गुठळीतल्या पिष्टाची साखर होत नाही.

पण भांड्याने फरक पडत नाही, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. भरड्यात साधारण २० टक्के टरफल, ७० टक्के कणी आणि १० टक्के पीठ असतं. त्यावर पहिलं पाणी पडतं ते ६४ अंशांच्या आसपास. टरफलांचा थर जाळीदार तळावर बसतो आणि भरड्यातून सुटणाऱ्या गोड रसाची तोच गाळणी होतो. चहा गाळताना चोथा चमच्याने दाबून बघा, कपात गाळ उतरतो. नुसता निथळू दिला तर चहा नितळ येतो.

स्कॉटलंडमधल्या ब्रूकलॅडी डिस्टिलरीच्या उघड्या टनात आजही फिरते दाते सगळा थर घुसळतात. बिअरच्या धंद्यातून आलेल्या लाउटर टनात पातळ सुऱ्या तो थर अलगद चिरतात. गढूळ रसात स्निग्धांश जास्त उतरतो, त्यामुळे रस आंबवणारं यीस्ट फळांच्या वासाची संयुगं, म्हणजे एस्टर, कमी बनवतं आणि व्हिस्की भाजल्या धान्याच्या, सुक्या मेव्याच्या वासाकडे झुकते. नितळ रसातून फळांचा वास जास्त मिळतो. भट्टीच्या वाट्याला येतं ते हेच, आधीच घडलेलं.

टीनिनिच या स्कॉच डिस्टिलरीने तर २००० साली टनाऐवजी मॅश फिल्टर बसवला. तिथे भरडा हातोडी-गिरणीत पिठासारखा बारीक करतात, कारण गाळायला टरफलांचा थर लागतच नाही. रस कापडातून दाबून काढतात, आणि तो अगदी नितळ असतो. म्हणजे नितळ रस हवा म्हणून जुनं भांडं लागतं असंही नाही, हे तुमच्या बाजूने सांगतो.

मूळ लेखातलं ते वाक्य आजच दुरुस्त करतो.